मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ... फीचे पैसे कुठून उभे करायचे? महाराष्ट्रातल्या मुलांसाठी पायरी पायरीने

सगळ्यात आधी एक सांगते. स्कॉलरशिप म्हणजे ॲडमिशन झाल्यावर निवांत करायची गोष्ट असं बहुतेक घरांत समजतात आणि घोळ तिथंच होतो. तुम्हाला सरकारकडून किती मदत मिळणार, हे निम्म्याहून जास्त ठरतं ते तुम्ही कॉलेजचा ऑप्शन फॉर्म भरता तेव्हाच. कुठल्या कॉलेजात, कुठल्या कोट्यातून, कुठले दाखले हातात असताना ॲडमिशन घेतली यावर पुढची चार-पाच वर्षं अवलंबून असतात. नंतर कितीही धावपळ केली तरी काही गोष्टी बदलता येत नाहीत, म्हणून हा लेख बारावीत असलेल्यांनी आणि नीट, सीईटी देणाऱ्यांनी आत्ताच वाचावा, निकालानंतर नाही. ज्यांची ॲडमिशन झालीय त्यांनी तिसऱ्या पायरीपासून वाचलं तरी चालेल.

पायरी १ : ॲडमिशन कुठून होतेय ते बघा

राज्य सरकारच्या फी सवलतीच्या योजनांची मुख्य अट एकच, ॲडमिशन सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅप राउंडमधून झालेली पाहिजे. सरकारी कॉलेज असो, अनुदानित असो की खाजगी विनाअनुदानित, कॅपमधून आलात तर योजनांचा रस्ता खुला राहतो. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला सीट घेतली की तो बंद. अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठांचंही तसंच, राज्याची फी सवलत तिथं चालत नाही. मेडिकलच्या डीम्ड सीट एमसीसीच्या म्हणजे केंद्राच्या मेडिकल प्रवेश समितीच्या काउन्सेलिंगमधून भरतात, राज्याच्या कॅपमधून नाही, आणि बऱ्याच ठिकाणी एमबीबीएसची फी वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे.

आता हे लक्षात घेऊन ऑप्शन फॉर्म भरायला बसा. समजा एका मुलीला डीम्डमध्ये मिळतंय, आणि दुसरीकडे राज्याच्या कॅपमधून खाजगी कॉलेज मिळतंय जे गावापासून लांब आहे, नाव तेवढं मोठं नाही. नुसतं नाव बघून ठरवलं तर डीम्ड बरं वाटेल. पण त्या दुसऱ्या कॉलेजात तिची पूर्ण ट्यूशन फी सरकार भरणार असेल तर हा फरक पन्नास हजार-लाखाचा नाही, घर गहाण पडण्या-न पडण्याचा आहे. म्हणून प्रत्येक कॉलेजापुढं दोन आकडे लिहा, एक त्यांची फी आणि दुसरा सवलत वजा जाऊन आपल्याला भरावी लागणारी फी. यादी दुसऱ्या आकड्यावरून लावा.

खाजगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार आकडे त्यांच्या साईटवर असतात. कॉलेजच्या माहितीपत्रकावर किंवा ओळखीच्या कुणी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, तिथंच बघा.

आणि दोन जागा ज्यांचा विचार खूप कमी मुलं करतात. एक एम्स, आपल्याकडे नागपूरला आहे, फी नाममात्र. दुसरी पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे एएफएमसी, तिथं ट्यूशन फी नाही, पण शिकून झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत नोकरी करणं बंधनकारक. ज्याला ते आयुष्य आवडणार असेल त्याच्यासाठी याहून चांगली मदत नाही, ज्याला आवडणार नाही त्याने फक्त पैसे वाचतात म्हणून जाऊ नये.

पायरी २ : दाखले, आणि ते आत्ताच

मदत हुकण्याचं सगळ्यात मोठं कारण मार्क नसतात, कागद असतात. मार्क असलेली मुलंही एका वेळेत न निघालेल्या दाखल्यापायी मागे पडतात.

सगळ्यांना लागणारे: अधिवास म्हणजे डोमिसाईल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला. आरक्षणातून जाणाऱ्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसीला (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) त्यावर नॉन क्रिमीलेयर, म्हणजे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला. ओपनमधल्या कमी उत्पन्नाच्या घरांना ईडब्ल्यूएस. यातले डोमिसाईल, उत्पन्न, जात, नॉन क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा जवळच्या सेवा केंद्रातून, ज्याला अजूनही सगळे सेतूच म्हणतात, तिथून निघतात. वैधता मात्र तिथून नाही, तिचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो, अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी आहे.

वैधतेबद्दल जरा जास्त बोलते कारण मुलांचं वर्ष वाया जायची भीती इथंच असते. विज्ञान शाखेला अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, तेव्हाच करा. समितीला वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी लागतात, कधी जुन्या महसुली नोंदी लागतात, एखाद्या कागदावर आडनाव वेगळं निघतं, मग त्रुटी लागते, मग पुन्हा तारीख, हे सगळं बारावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. घरात काका, आत्या, चुलत भाऊ यांच्यापैकी वडिलांकडच्या कुणाची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत नक्की जोडा, काम बरंच सोपं होतं.

उत्पन्नाच्या दाखल्यात बघायचं ते वर्ष. दाखल्यावर आर्थिक वर्ष लिहिलेलं असतं, त्या वर्षाचा चालतो की नाही हे योजनेच्या अटींत वाचून मगच अपलोड करा. आईवडील दोघं कमावते असतील तर दोघांचं मिळून धरतात. नाव, जन्मतारीख आधारवर, मार्कशीटवर, बँकेत एकच आहे ना हेही आत्ताच तपासा, 'रामचंद्र' आणि 'रामचंद' एवढ्या फरकाने फॉर्म परत येतो.

पायरी ३ : आपल्याला कुठली योजना लागू होते

इथं गोंधळ उडतो कारण नावं लांबलचक आहेत. मी प्रवर्गानुसार सरळ सांगते.

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. घरचं उत्पन्न वर्षाला २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, यात फी पण येते आणि वर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, यात ट्यूशन आणि परीक्षा फी माफ होते, भत्ता मिळत नाही. म्हणजे वडिलांना नोकरी आहे म्हणून आपल्याला काहीच मिळणार नाही असं समजून फॉर्मच भरायचा नाही, असं करू नका.

व्हीजेएनटी, एसबीसी, ओबीसी. कमी उत्पन्न असलेल्यांना शिष्यवृत्ती, आणि त्यावर ८ लाखांपर्यंत नॉन क्रिमीलेयरसह फी सवलत. व्यावसायिक कोर्सला व्हीजेएनटी आणि एसबीसीला ट्यूशन फी पूर्ण, ओबीसी मुलांना निम्मी.

ओपन, ईडब्ल्यूएस, एसईबीसी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला बोलताना सगळे ईबीसी म्हणतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, मुलांना ट्यूशन आणि परीक्षा फीच्या निम्मे. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते आणि त्याचं घोषणापत्र द्यावं लागतं.

मुली. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सच्या ट्यूशन आणि परीक्षा फीची ५० ऐवजी १०० टक्के सवलत आहे. मेडिकलही त्यात येतं. अट तीच, कॅपमधून ॲडमिशन, आणि डीम्ड किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठ नको. अनाथ मुलामुलींनाही ही सवलत आहे. हा निर्णय झाला तरी अजून कितीतरी पालक 'मुलीला एवढं महागडं शिक्षण कसं झेपणार' म्हणून मेडिकलचा विचार सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या गल्लीत, नात्यात अशी मुलगी असेल तर तिच्या घरी जाऊन सांगा.

'पूर्ण फी माफ' ऐकून खिसा रिकामा ठेवून कॉलेजात जाऊ नका मात्र. सवलत ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे. कॉलेजच्या फी स्ट्रक्चरचा कागद घ्या आणि एकेक ओळ वाचा. समजा एकूण ९ लाख लिहिलंय. त्यात ट्यूशन ८ लाख, डेव्हलपमेंट फी ८० हजार आणि बाकी २० हजार लायब्ररी, जिमखाना, विद्यापीठाचं रजिस्ट्रेशन वगैरे. मुलाला ५० टक्के मिळणार म्हणजे ९ लाखांचे साडेचार नाही, ८ लाखांचे ४. राहिले ५ लाख, वर हॉस्टेल आणि मेस वेगळी, शिवाय सुरुवातीला डिपॉझिट. बजेट या आकड्यावरून करा.

ॲडमिशनच्या दिवशी एक प्रसंग नेहमी येतो. कॉलेज म्हणतं, आधी सगळी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. जी रक्कम सरकार भरणार आहे ती पात्र विद्यार्थ्याकडून आधी मागू नये असे सरकारचे निर्देश आहेत. काउंटरवर वाद घालू नका, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, 'मी अमुक योजनेस पात्र आहे, माझ्याकडून उर्वरित शुल्क घ्यावं', सोबत दाखल्यांच्या प्रती लावा आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा म्हणजे अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा शिक्का घ्या. तोंडी बोलणं हवेत जातं, शिक्का मारलेला कागद राहतो. तरी ऐकलं नाही तर तोच कागद घेऊन संबंधित संचालनालयाकडे आणि सीईटी सेलकडे तक्रार करता येते.

पायरी ४ : महाडीबीटीवर फॉर्म

राज्याच्या जवळजवळ सगळ्या शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. रजिस्ट्रेशन आधारने करा आणि स्वतःच्या मोबाईल नंबरवर, सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवर नको, कारण पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि तुम्ही त्याला शोधत बसाल. युजरनेम पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

मग प्रोफाईल. वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा कोर्स, आधीचं शिक्षण, हॉस्टेल असे भाग आहेत, सगळे भरून प्रोफाईल १०० टक्के झाल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण पात्र योजना तुम्ही भरलेल्या माहितीवरूनच दिसतात. एखादी योजना दिसतच नाहीये म्हणून मुलं घाबरतात, बहुतेक वेळा प्रोफाईलमध्ये कॅपची माहिती, उत्पन्न किंवा प्रवर्ग चुकीचा टाकलेला असतो. नीटसाठी वर्ष ड्रॉप घेतलं असेल तर गॅप लपवू नका, तिथं गॅप दाखवायची सोय आहे, प्रतिज्ञापत्र मागितलं तर जोडा.

एकच योजना वेगवेगळ्या विभागांखाली दिसते, हे नवख्यांना माहीत नसतं. शाहू महाराज शिष्यवृत्ती घ्या, मेडिकलवाल्यांसाठी ती वैद्यकीय शिक्षण खात्याखाली, इंजिनिअरिंग-फार्मसीवाल्यांसाठी तंत्रशिक्षणाखाली, लॉ आणि इतरांसाठी उच्च शिक्षणाखाली. एससीच्या योजना सामाजिक न्याय विभागाखाली, एसटीच्या आदिवासी विकासाखाली, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या इतर मागास बहुजन कल्याणाखाली. चुकीच्या विभागात भरला तर फॉर्म तिथंच अडतो.

सबमिट केल्यावर प्रिंट काढून कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला द्या. आता तो फॉर्म कॉलेजचा क्लार्क तपासणार, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जाणार, मग विभागाकडे, मग मंजुरी. दर आठवड्याला स्टेटस बघायची सवय लावा. फॉर्म परत पाठवला असेल तर कारण तिथंच लिहिलेलं असतं, दुरुस्त करून दिलेल्या मुदतीत परत पाठवायचा, नाहीतर फॉर्म बाद होतो. कितीतरी फॉर्म विभागाने नाकारलेले नसतात, मुलाने लॉगिनच केलेलं नसतं म्हणून पडून राहिलेले असतात.

पैसे कुठं येतात हे नीट समजून घ्या. ते आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, पण बँकेत केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे झालं असं नाही. एनपीसीआय म्हणजे देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था, तिच्या यादीत तुमच्या आधारपुढं एकाच बँकेचं नाव असतं आणि पैसे त्याच बँकेत जातात, तुम्ही फॉर्ममध्ये काहीही लिहा. होतं काय, मुलगा नवीन सिम घेतो, दुकानदार त्याच वेळी पेमेंट बँकेचं खातं उघडून देतो, आधार तिकडं वळतं, मुलाला पत्ताच नसतो आणि स्टेटसमध्ये पैसे जमा झालेले दिसतात पण पासबुकात काही नाही. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या. वेगळी बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरा, 'लिंक' नाही, 'सीडिंग' असाच शब्द वापरा, म्हणजे काउंटरवरचा माणूस बरोबर फॉर्म देईल. खातं चालू पाहिजे, बारकी मर्यादा असलेलं जुनं शाळेतलं खातं असेल तर ते पूर्ण खात्यात बदलून घ्या. आणि फीची रक्कम तुमच्या खात्यात आली तर ती कॉलेजची आहे, लगेच भरून पावती घ्या.

पायरी ५ : राहण्या-जेवणाचं

फीचं झालं तरी दर महिन्याला मेस आणि खोलीचं भाडं असतंच, आणि शहरात तेच जास्त टोचतं. आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करा, सामाजिक न्याय, आदिवासी विकास, बहुजन कल्याण सगळ्यांची आहेत. तिथं नंबर लागला नाही तर पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार मिळतात, शिवाय मेडिकल आणि इंजिनिअरिंगवाल्यांना साहित्यासाठी ५ हजार. ईबीसीवाल्यांमध्ये अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिला अल्पभूधारकाचा दाखला लागतो, तो तलाठ्याकडून-तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

फी सवलत आणि हा भत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शाहू महाराज शिष्यवृत्ती घेणाऱ्याला पंजाबराव देशमुख भत्ताही मिळू शकतो. फीच्या मात्र दोन योजना एकाच वेळी घेता येत नाहीत. ट्रस्टच्या हॉस्टेलांतही चौकशी करा. पुण्यात खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींसाठी विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५ पासून चालतात, खर्च कमी आणि वातावरण अभ्यासाचं.

पायरी ६ : केंद्राच्या आणि खाजगी शिष्यवृत्त्या

केंद्राचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, तिथं आधी ओटीआर म्हणजे एकदाच करायच्या नोंदणीचा नंबर काढावा लागतो. बारावी बोर्डात वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असाल आणि उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार, आणि व्यावसायिक कोर्स लांबला तर चौथ्या-पाचव्या वर्षी २० हजार. मुलींसाठी एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती, वर्षाला ५० हजार, पण ती तांत्रिक कोर्ससाठी आहे, एमबीबीएसला नाही. दिव्यांगांसाठी सक्षम. यातल्या बऱ्याच योजनांना 'दुसरी शिष्यवृत्ती घेत नाही' अशी अट असते, म्हणून आधी राज्याची फी सवलत किती मिळते ते बघा आणि जी मोठी ती ठेवा.

खाजगीत कोटक कन्या शिष्यवृत्ती मुलींनी नक्की बघावी, बारावीला ७५ टक्क्यांच्या वर आणि उत्पन्न ६ लाखांपर्यंत, कोर्स संपेपर्यंत वर्षाला दीड लाखापर्यंत, एमबीबीएसही बसतं. पुण्याची लीला पूनावाला फाउंडेशन मुलींसाठीच काम करते. रिलायन्स फाउंडेशनची पदवीच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यांसाठी आहे, पूर्ण कोर्ससाठी २ लाखांपर्यंत. खाजगी संस्था मार्कांइतकंच तुम्ही काय लिहिता ते बघतात. घरची परिस्थिती रडत लिहू नका, आकड्यांत लिहा: घरात किती माणसं, कमावतं कोण, फी किती, त्यातली किती जमली, किती कमी पडतेय. वाचणाऱ्याला चित्र स्पष्ट होतं. आणि शिष्यवृत्ती मंजूर करून देतो म्हणून कुणी प्रोसेसिंगचे पैसे मागितले तर सरळ निघून या.

पायरी ७ : लोन, सगळ्यात शेवटी, पण अभ्यास करून

वरचं सगळं वजा करून जो खड्डा उरतो तेवढ्याचंच लोन घ्या. बँक देतेय म्हणून जास्तीचं घेऊ नका.

सरकारी बँकांचं ढोबळ गणित असं: ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा आणि तारण नाही, त्यावर देशातल्या शिक्षणासाठी साधारण ५ टक्के वाटा आपला, साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आई किंवा वडील सहकर्जदार. हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर एक वर्षाने, फेडायला १५ वर्षांपर्यंत मिळतात. चांगल्या मानांकनाच्या संस्थेत मेरिटवर ॲडमिशन असेल तर प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना बघा, केंद्राने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. यादीतल्या संस्थेत तारण आणि जामीनदार दोन्ही नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत नसाल तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत, आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या तांत्रिक-व्यावसायिक कोर्सवाल्यांना त्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र भरतं. कॉलेज यादीत आहे का हे पोर्टलवर नाव टाकून बघा. ओबीसी मुलांसाठी राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, देशात १० लाख आणि परदेशात २० लाखांपर्यंतच्या लोनवर.

आता व्याजाचं. 'शिकेपर्यंत काही भरायचं नाही' हे वाक्य बँकेत ऐकायला गोड वाटतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. एमबीबीएसचं उदाहरण घेऊ. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यावर एक वर्ष सवलत, म्हणजे साडेसहा वर्षं. चार वर्षं दरवर्षी अडीच लाख उचलले, दर १० टक्के धरू, साधं व्याज. पहिले अडीच लाख साडेसहा वर्षं व्याज खातात, दुसरे साडेपाच, तिसरे साडेचार, चौथे साडेतीन. बेरीज होते ५ लाख. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज १० नाही, १५ लाख, आणि १० वर्षांत फेडायचं तर महिन्याला १९,८०० च्या आसपास. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना २,१०० च्या आत भागतं, दुसऱ्या वर्षी ४,२०० च्या आत, चौथ्या वर्षापासून ८,३०० च्या आसपास, आणि शेवटी हप्ता बसतो १३,२०० चा. सगळं नाही जमलं तरी पहिल्या दोन वर्षांचं तरी भरा, तेव्हा रक्कम लहान असते. बऱ्याच बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सूटही देतात, आणि मुलींना वेगळी सूट असते, मागून घ्या.

सही करायच्या आधी विचारायचं: दर फिक्स आहे की बदलणारा, इंटर्नशिप कोर्समध्ये धरलीय का (मेडिकलवाल्यांनी हे लेखी घ्या), इन्शुरन्स सक्तीचा सांगताय तो खरंच सक्तीचा आहे का, हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप लोनमध्ये बसतात का. व्याज सवलतीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो लोन घेतानाच द्या.

शाखेने 'आमच्या एरियात येत नाही' म्हणून परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका, सर्व्हिस एरियाचं कारण देऊन शैक्षणिक कर्ज नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना सांगितलंय. अर्ज लेखी किंवा पोर्टलवरून द्या, नकार दिला तर कारण लेखी मागा. नोकरी लागल्यावर जुन्या करप्रणालीत असाल तर ८० ई कलमाखाली भरलेलं व्याज उत्पन्नातून वजा होतं, आठ वर्षांपर्यंत, पण फक्त व्याज, मुद्दल नाही.

पायरी ८ : दरवर्षी पुन्हा

शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे कोर्स संपेपर्यंत आपोआप येत नाही. दरवर्षी रिन्यूअल भरावं लागतं, मागच्या वर्षाची मार्कशीट जोडून. हजेरीची अट असते. वर्ष गेलं, विषय राहिले तर त्या वर्षाचं मिळेल का हे योजनेनुसार बदलतं, लाजून गप्प बसू नका, स्कॉलरशिप सेक्शनला जाऊन विचारा.

सरकारी मेडिकल कॉलेजवाल्यांनी बाँडचं पण लक्षात ठेवा, एमबीबीएस नंतर एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, तेव्हा पगार मिळतो, त्यामुळे लोनचा हप्ता कधी सुरू होणार आणि बाँडचं वर्ष कधी येणार हे एकत्र बघून बँकेशी बोला. इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, त्यातून निदान व्याज तरी भरता येतं.

सगळ्या पावत्या, मंजुरीचे मेसेज, इनवर्डचे शिक्के एका फाईलमध्ये ठेवा. आणि कोर्स संपून कॉलेज सोडताना ॲडमिशनच्या वेळी भरलेलं डिपॉझिट परत मागा, त्याची मूळ पावती लागते, आणि लायब्ररी, हॉस्टेल, लॅबचं नो ड्यूज झाल्यावर अर्ज करावा लागतो, न मागता ते बहुतेक ठिकाणी मिळत नाही.